खोक्यातला खिचडा

मी सुगरण नाही, हे आधीच सांगून टाकते. सुगरण व्हायला दिवसभर घरात असावं लागतं, आणि मी तर पहाटे घराबाहेर पडणारी बाई. पण माझ्या घरातून कुणी अर्धपोटी उठलं नाही आणि माझ्या घरात पाव-बटरवर दिवस निघाले नाहीत. हे मी ताठ मानेनं सांगते, कारण त्यासाठी मी एकदा चांगलीच लढले आहे. लढाई स्टोव्ह, पातेलं आणि सासूबाई यांच्याशी होती, आणि पणाला माझी मुलगी लागली होती.

पंचाहत्तर-शहात्तरचा सुमार असेल. कासारवाडीत, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर, एका जुन्या शेतकरी कुटुंबाच्या आवारात आम्ही एक खोली भाड्यानं घेतली होती. नवरा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. त्याची शिफ्ट दर आठवड्याला फिरायची, त्यामुळे त्याची भूकही फिरायची. मी रेडिओचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत, बारीक तारेच्या गुंडाळ्या करायच्या कामावर. मला कायम फर्स्ट शिफ्ट. अंधारात उठायचं, सहाच्या बसला लोंबकळायचं आणि दुपारी चारच्या सुमारास परत यायचं.

नोकरी लागली तेव्हा मुलगी अडीच वर्षांची होती. तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून सासूबाई तिला खेडकडच्या आमच्या गावी घेऊन गेल्या. चार महिने म्हणता म्हणता वर्ष उलटलं. दर गुरुवारी सुट्टी असायची. आम्ही एसटीनं चाकणमार्गे गावी जायचो आणि संध्याकाळी परत फिरायचो. सुरुवातीला ती माझ्यामागे रडत यायची. मग रडायची थांबली. मग मी आले की आजीच्या पदराआड जाऊन उभी राहायला लागली. ते बघून मला काय व्हायचं ते काय सांगू! एसटीत बसले की मी खिडकीकडे तोंड करायची आणि नवरा तिकिटांशी चाळा करत बसायचा.

शेवटी आमची घरमालकीणच म्हणाली, "आणा की पोरीला. मी हाय न्हवं दिवसभर घरात. माज्या नातवंडात ती एक." घरमालकीण जुन्या वळणाची, तोंडानं फटकळ आणि मनानं मोकळी. तिच्यावर मी डोळे मिटून विश्वास टाकला असता. मी पुढच्याच गुरुवारी गावी जाऊन विषय काढला.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्या चुलीपुढे बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "न्हाई."

"का हो आत्याबाई?"

"सांभाळंल ती. पर खायाला काय घालशील? तू पहाटं जाणार. पोरीनं दुपारी गार डबा खायाचा? का च्यात बटर बुडवून खायाचं? पोर माज्याकडं आली तवा मुठीएवढी हुती. आता बघ."

मुलगी खरंच बाळसेदार झाली होती. पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही. मी म्हटलं, "माझ्या घरी तिला दुपारी गरमच मिळेल, आणि घरचंच मिळेल. येऊन बघा."

आत्याबाईंनी आता मान वर केली. "येते. आठ दिस ऱ्हाते. माज्या डोळ्यांनी बघते. पटलं तर पोर ठेवते. न्हाई पटलं तर संगं माघारी आणते, आन् मग हा इषय परत काढायचा न्हाई."

"चालेल," मी म्हटलं. परतीच्या वाटेवर नवरा म्हणाला, "बोलून तर बसलीस. आता दुपारी बाराला गरम जेवण तू कंपनीतून फुंकर मारून पाठवणार का?"

मी त्याला म्हटलं, तू गप रे. पण आतून माझीही पाचावर धारण बसली होती.

उपाय मला कंपनीतच सापडला. आमच्या कँटीनचा चहा एका मोठ्या किटलीतून यायचा आणि चहावाल्यानं ती किटली लाकडी खोक्यात, भुशात बसवलेली असायची. सकाळी भरलेला चहा जेवणाच्या सुट्टीपर्यंत जीभ भाजेल इतका गरम असायचा. मी त्या खोक्याकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, चहा गरम राहतो, मग डाळ का नाही शिजणार?

नवऱ्याच्या वर्कशॉपमध्ये मशीनचे भाग खोक्यांतून यायचे. एक दणकट खोका त्यानं सायकलवर बांधून आणला. मी त्यात खाली आणि चारी बाजूंनी भुसा दाबून भरला, मधोमध पातेल्यापुरता खळगा ठेवला, आत जुनं लुगडं अंथरलं आणि वर झाकायला गोधडीची चौकोनी गादी शिवली. रात्री भिजवलेली मटकी पहाटे स्टोव्हवर खळखळून उकळली, पातेलं झाकणासकट खोक्यात बसवलं, वर गादी दाबली आणि कामावर गेले. चारला येऊन झाकण काढलं तर मऊ मटकी, वाफाळलेली. मी एकटीच खोलीत हसले. त्याच पातेल्यातली वाटीभर उभ्या उभ्या खाल्ली.

मग मी थांबतेय कशाला! हुलगे झाले, मसूर झाली, अख्खे मूग झाले, तांदूळ-डाळ झाली. एकदा चवळी अर्धीकच्ची राहिली तेव्हा कळलं की आधी जास्त उकळी द्यायला हवी. एकदा पातेलं अर्धंच भरलं होतं, तेव्हा कळलं की पातेलं भरलेलं असलं तरच ऊब टिकते. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट ही की एकदा झाकलं की झाकलं. मधेच उघडलं की ऊब गेली, आणि ऊब गेली की अन्न तिथंच थांबलं.

संध्याकाळी मी दुसऱ्या दिवसाची भाजी निवडून ठेवायची आणि भाकरी पहाटेच थापून फडक्यात गुंडाळायची. कालवण खोक्यात, भाकरी फडक्यात, सोबत कांदा, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. मुलगी आली की घरमालकिणीनं बाराला नुसतं वाढायचं. पुण्याच्या माझ्या माहेरी कुणी ऐकलं असतं तर म्हणाले असते, हे काय जेवण? पण त्यात काय नव्हतं ते मला सांगा.

ठरल्याप्रमाणे आत्याबाई आल्या, मुलीला कडेवर घेऊन. मुलगी माझ्याकडे यायला तयार नव्हती. "आपण घरी कदी जायाचं?" हे तिनं पहिल्या तासात आजीला दोनदा विचारलं. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि स्टोव्हला पंप मारत बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी हुलगे उकळून पातेलं खोक्यात बसवलं. आत्याबाई अंथरुणात उठून बसल्या होत्या. "ह्ये काय करतीस?"

"हे असंच शिजतं, आत्याबाई. बारापर्यंत होतं. फक्त उघडायचं नाही."

"बिगर जाळाचं?"

"बिगर जाळाचं."

मी बस पकडली. दिवसभर तार गुंडाळताना माझं सगळं लक्ष घराकडे.

चारला घरी आले तर आत्याबाई दारातच बसलेल्या. मांडीवर मुलगी, समोर ताटली. ताटलीत हुलगे. त्यांनी एक हुलगा बोटांत धरून दाबून दाखवला. दबला नाही. "पोरीनं गूळ-भाकरी खाल्ली," त्या म्हणाल्या. "म्या म्हनत नव्हते?"

वीस वेळा झालेली गोष्ट आजच का बिघडावी? मी खोक्यापाशी गेले. गादी उलटी टाकलेली होती, शिवण वर. मी ती कधीच तशी टाकत नसे.

"आत्याबाई, खोका उघडला होता का?"

"उघडला की. दोन-तीन डाव ढवळलं. ढवळल्याबिगर शिजतं व्हय कुठं?"

मला हसावं की रडावं कळेना. मुद्दाम केलं असतं तर मी भांडले असते. पण त्यांनी भल्या मनानं केलं होतं. पन्नास वर्षं चुलीपुढे बसलेली बाई, तिचा हात पातेल्याकडे जाणारच. मी समजावलं, ऊब जाते वगैरे सांगितलं. त्या म्हणाल्या, "आगं, निजलेल्या पोरालाबी मदनं मदनं बघावं लागतं. आन्नाला नगं?"

पुढचे दोन-तीन दिवस असेच गेले. कधी एकदाच उघडायच्या, कधी "उघडलं न्हाई, नुसता हात लावून बघितला" म्हणायच्या. कालवण कधी जमायचं, कधी निम्मं जमायचं. मी घरी आले की पुन्हा स्टोव्हवर ठेवायची आणि आत्याबाई बघत बसायच्या. मुलगी रात्री त्यांच्याच कुशीत. नवरा मला धीर द्यायचा, "अगं, पटेल तिला." मी म्हणायची, पटलं नाही तर तू तुझं लेथ घेऊन गावालाच चल, मी पोरीशिवाय इथं राहणार नाही.

आणि मग आला बुधवार.

आमच्या पट्ट्यात गुरुवारी कारखान्यांची वीज बंद असायची, म्हणून तर सुट्टी गुरुवारची. पिठाची गिरणीही त्याच विजेवर. गुरुवारी गिरणी बंद हे कासारवाडीतलं शेंबडं पोरही जाणायचं. सगळी दळणं बुधवारी. मी पहाटे निघताना बाजरीचा डबा दारात काढून ठेवला होता. नवरा सेकंड शिफ्टला होता, तो सकाळी गिरणीत नेणार होता.

त्या दिवशी मला दोन तास ओव्हरटाइम लागला. वर सुपरवायझरनं सांगितलं की उद्या गुरुवारीही आमच्या खात्याला यायचं आहे, स्टॉक मोजायला. मी अजून टेंपररी. नाही म्हणायची सोय नव्हती. घरी पोहोचेपर्यंत दिवेलागण झाली होती. बघते तर बाजरीचा डबा जिथल्या तिथं.

"दळण नाही आणलं?"

"आज अवस हाय," आत्याबाई म्हणाल्या. "आपल्याकडं अवसंला दळत न्हाईत. म्या त्याला म्हनलं, ऱ्हाऊ दे, उद्या दळू."

नवऱ्यानं आईपुढे तोंड उघडलं नव्हतं. उघडलं असतं तरी उपयोग नव्हता. मी म्हटलं, "उद्या गिरणी बंद असते, आत्याबाई. गुरुवार आहे."

"गिरनीला कसला उपास?"

मी खाली बसले. घरात चिमूटभर पीठ नव्हतं. आणि तेवढ्यात त्यांनी दुसरी बातमी दिली. आमच्या गावची बरीच मुलं भोसरीत एकेका खोलीत पाच-सहा जण राहायची आणि खाणावळीत जेवायची. आत्याबाईंनी त्यातल्या सात जणांना निरोप धाडला होता, गुरुवारी सुट्टी आहे तर दुपारी जेवायला या. माझ्याच घरी. मी घरी नसताना. पीठ नसताना.

आता सांगते, त्या वेळी मला खूप राग आला होता. पण रागावून भाकरी होत नाही. मी बाजरीच्या डब्याकडे बघितलं आणि म्हटलं, दळता येत नाही ना, मग कांडू या. "आत्याबाई, खिचडा करू."

त्यांनी माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं बघितलं. पुण्याच्या पोरीला बाजरीचा खिचडा माहीत असेल असं त्यांना वाटलं नसावं. खरं तर मी तो त्यांच्याच हातचा एका थंडीत खाल्ला होता. "बाजरी वलवायला लागंल," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून उठल्या.

घरमालकिणीच्या अंगणात उखळ होतं. आम्ही बाजरीला पाण्याचा हात लावला आणि दोघींनी आळीपाळीनं मुसळ चालवलं. घरमालकिणीनं पाखडून कोंडा काढून दिला. मुलगी उखळाभोवती फिरत सांडलेले दाणे वेचत होती. मग मुगाची डाळ, मूठभर शेंगदाणे, सगळं भिजत घातलं. घरमालकिणीचं मोठं पातेलं मी मागून आणलं आणि खोक्यातला खळगा त्याच्या मापाचा केला.

पहाटे मी ते पातेलं स्टोव्हवर चांगलं अर्धा-पाऊण तास उकळलं. लसूण, जिरं, हळद, मीठ. नवऱ्यानं उचलायला हात लावला. गादी दाबून मी आत्याबाईंसमोर उभी राहिले. हात जोडले नाहीत, पण जोडल्यासारखंच.

"आत्याबाई, आज तुमच्या गावची माणसं यायचीत. उघडलंत तर कच्ची बाजरी वाढावी लागेल, आणि एवढं स्टोव्हवर शिजवायला रॉकेलही पुरणार नाही. आजच्या दिवस हात लावू नका."

"जा तू," त्या म्हणाल्या. ते हो होतं की नाही, मला कळलं नाही.

त्या दिवशी मी स्टॉक मोजताना तीन वेळा चुकले. सुपरवायझर म्हणाला, बाई, लक्ष कुठंय? लक्ष कुठे असणार! बारा वाजले तेव्हा मनात म्हटलं, आता आले असतील. एक वाजला तेव्हा म्हटलं, आता उठले असतील, आत्याबाईंनी गाठोडं बांधायला घेतलं असेल. दोनला सुटका झाली. बसस्टॉपपासून घरापर्यंत मी जवळजवळ पळतच आले.

आवारात शिरले तर हसण्याचा आवाज. अंगणात सातही जण पंगतीला बसलेले, शेजारी माझा नवरा. सगळ्यांच्या ताटांतून वाफा निघत होत्या. उशिरा जेवण का, तर घरमालकीण मला बाजूला घेऊन सांगायला लागली. पाहुणे बाराला आले. आत्याबाई खोक्यापाशी गेल्या, गादीला हात लावला, परत आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा परत आल्या. तिसऱ्यांदा गेल्या आणि सरळ खोक्यावर चढून बसल्या. "कुनी म्हनलं काकू उठा, भुका लागल्यात, तरी उठना बघ. म्हनली, माजा हात ऐकत न्हाई म्हनून वर बसलीया. शिजू द्या निवांत."

सव्वादोन वाजेपर्यंत आत्याबाई त्या खोक्यावर बसून होत्या. पाहुण्यांशी गप्पा मारल्या, गावच्या चौकशा केल्या, पण खाली उतरल्या नाहीत.

मी पातेल्यात डोकावले. बाजरीचा दाणा न् दाणा फुललेला, डाळ विरघळलेली, वर लसणाचा वास. मी तिथंच डोळे पुसले. मला कुणी विचारलं असतं तर धूर गेला म्हटलं असतं, पण धूर कुठे होता!

आत्याबाई वाढत होत्या. प्रत्येक ताटात खिचडा, त्यावर तेलाची धार, बाजूला चटणी आणि कांदा. एक जण म्हणाला, "काकू, खाणावळीत असलं सात जन्मात मिळायचं नाही. गावाकडची चव आली राव." दुसरा म्हणाला, "हात काकूंचाच."

"माजा न्हवं," आत्याबाई म्हणाल्या. हातातली पळी त्यांनी माझ्याकडे केली. "तिनं केलंय. पहाटं करून गेली. जाळ न्हाई, काय न्हाई. निस्तं दम धरून बसायाचं. ढवळलं की बिघडलं, ध्येनात ठेवा. ढवळायचंच न्हाई."

नवऱ्यानं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी त्याला डोळ्यांनीच गप केलं, पण माझ्या तोंडावरचं हसू काही आवरेना. सात माणसांसमोर माझ्या सासूनं मला मोठं केलं होतं. मी चप्पल काढायचीही विसरून तशीच अंगणात उभी होते.

पाहुणे दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मागून जेवले. पातेलं खरवडून झालं. आम्हा बायकांसाठी घरमालकिणीनं आधीच काढून ठेवलं होतं म्हणून बरं. मंडळी गेल्यावर मी आत्याबाईंशेजारी पाट घेतला आणि सकाळपासूनच्या भुकेनं जेवले. मुलगी आमच्या दोघींच्या मधे बसून ताटातले शेंगदाणे शोधत होती.

उन्हं कलल्यावर मी भांडी घासून आत आले. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "आत्याबाई, रात्रीला पोरीसाठी काय करू?"

"मला कशाला इचारतीस?" त्या म्हणाल्या. "मी उद्याच्या सकाळच्या गाडीनं जातीया. तिला इचार."

मला एकदम कळलं नाही. मग कळलं. त्यांचं गाठोडं कोपऱ्यात बांधून ठेवलेलं होतं, आणि मुलीची झबली, फ्रॉक, लोकरीची टोपी, सगळं माझ्या फळीवर घडी करून लावलेलं होतं. ते लावताना त्यांना काय वाटलं असेल, हे तेव्हा माझ्या मनात आलं नाही. मला फक्त माझा आनंद दिसत होता, आणि तो त्या खोलीत मावत नव्हता.

मी खाली बसले आणि मुलीला विचारलं, "तुला काय करू गं रात्री?"

तिनं सवयीनं आजीकडे पाहिलं. आजीनं तोंड भिंतीकडे वळवलं होतं. मग ती उठली, दोन पावलं चालत माझ्यापाशी आली आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "भात. मऊ. तू भरव."

मी उठले आणि तांदूळ घ्यायला डब्याकडे गेले.